नावदुरुस्ती

निपाणीत तहसीलच्या कंपाउंडला टेकून
माझं टेबल. त्यावर कानडी टाइपरायटर, मेणकापड.
मी नावं दुरुस्त करतो.
म्हणजे दोन कागदांतली दोन माणसं
एकच आहेत,
असं शपथेवर लिहून देतो.

मंगळवारी एक बाई आली.
बोटांना तंबाखूचा जुना पिवळेपणा.
पिशवीतून एकेक कागद काढत
तिनं माझ्यापुढं पाच जणं मांडली:
शाळेच्या दाखल्यावर सखूबाई,
विडीकार्डावर साकव्वा,
रेशनवर तीच, पण एक व गळालेली,
आधारवर शकावा,
आणि मतदारयादीत, देव जाणे कसं,
शंकर. पुरुष. वय एकसष्ट.

"पेन्शन अडकलीया," ती म्हणाली.
"ह्यातली मी कोण, ते लिव्ह."

खरं कुठलं, मावशी?

"चार पोरींवर मी पाचवी.
सुईणीनं दारातनं सांगितलं,
तर बा अंगणातनंच वराडला, साकु!
साकु म्हंजे पुरे.
देवाला म्हणाला त्यो.
माझं नाव न्हवतंच ते."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आई कागलकडची. कानडी येत हुतं तिला,
बाजारात भांडण्याइतकं येत हुतं.
पर त्या दिवशी येईना झालं.
बाज धरून पडल्या पडल्या म्हणाली,
सखू? बरं हाय की. सखू."

मी गप्प.
माझं नाव कल्लाप्पा. कल्लु म्हणजे दगड.
माझ्याआधीची दोन गेली,
म्हणून मला दगड म्हटलं,
यमानं ठेच लागल्यासारखं बाजूनं जावं म्हणून.
मावशीचीही गेली होती. ती दिली होती मुरगूडला.
तिथला माझा भाऊ धोंडीराम.
मध्ये वेदगंगा, मध्ये चेकपोस्ट,
मध्ये सगळे मोर्चे आणि बंद,
आणि दोन्हीकडं
एकच धोंडा, पाळण्यात.

मग सखूच लिहू? अर्थही चांगला आहे.

"न्हाई."
ती पहिल्यांदाच सरळ बसली.
"चाळीस वर्सं, रोज हजार विड्या.
मालक गेलं तवा धाकटं रांगत हुतं.
दिराचं दवापाणी, जावेची बाळंतपणं,
पोरीची नर्सिंगची फी.
कुणाला कमी पडले, सांग की गा.
बा म्हणाला पुरे.
पुरले की. सगळ्यास्नी पुरले.
पुरून उरले.
साकव्वा लिव्ह.
आणि व दोन दे, रेशनवाल्यागत कापू नको."

माझ्या यंत्राचा खालचा व अडकतो.
तो मी पेनानं काढला,
जरा ठळकच.

सही करा, म्हणालो.
तिनं चष्मा लावला, कागद तिरका धरला,
आणि तिसरीपर्यंतच्या शाळेत
गिरवलेली एकुलती एक सही केली,
सावकाश, मराठीत, जिभेचं टोक दातांत धरून:
सखू.

आता हे नाव आणि ही सही जुळत नाही.
नोटरी परत पाठवणार.
तिला सांगावं म्हणून वर पाहिलं,
तर ती शाई वाळावी म्हणून
कागदावर फुंकर घालत होती.

कागद मी पुन्हा यंत्रात सरकवला.
खाली एक ओळ वाढवली:
वरचं नाव आणि ही सही
एकाच व्यक्तीची आहेत.

त्या ओळीचे पैसे घेतले नाहीत.