घोट्याचं हाड

एप्रिल सरताना, रानपिस्त्यांच्या विरळ सावलीत
आम्ही दोघी पालथ्या पडलेल्या.
कालिपाबाईंच्या डोळ्याला भिंग,
माझ्या कोपराखाली वही.
झाड वीतभरही नाही.
फूल वाटाण्याच्या गोतातलं, जांभळं, बुडाशी पिवळट.

"आधी केस बघ," त्या म्हणाल्या.
पानावरचा केस एका टोकावर उभा आहे,
की मधोमध टेकलाय, तराजूच्या दांडीसारखा?
मी श्वास रोखून पाहिलं. दांडीसारखा.
"छान. शंभर जाती गेल्या."
त्या शंभरांना मी मनातल्या मनात निरोप दिला.

मग पुस्तकानं विचारलं,
शेंगेच्या पोटात पडदा आहे का? कप्पा एक की दोन?
आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.
शेंग धरायला अजून महिना होता.

वरून ओरोझबाय ओरडला,
"काय हुडकताय? ते शेळी खात नाही ते!"
"नाव काय त्याचं?"
"सांगितलं की. शेळी खात नाही ते."

जूनमध्ये परतलो तेव्हा
उतार पिवळा, करकरीत, आणि सपाट चरलेला.
शेळीनं नसेल खाल्लं.
मेंढ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ओरोझबायच्या एल्दियारनं खिसा उलटा केला:
मेंढीच्या घोट्याची चार हाडं, एक लाल रंगवलेलं,
आणि त्यांच्यात सात शेंगा.
"वाजतात," तो म्हणाला, आणि कानाशी हलवून दाखवली.

बाईंनी पात्यानं एक चिरली.
मधे पडदा, कांद्याच्या सालीइतका.
दोन कप्पे.
"कुठल्या झाडाची रे?"
त्यानं अख्ख्या डोंगरावरून हात फिरवला.
"तिकडची."

तिकडची हे लेबलावर लिहिता येत नाही.

रात्री चहा ओतताना बाई सांगत होत्या,
या कुळाचं ग्रीक नाव म्हणजे घोट्याचं हाड.
का, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.
कदाचित सुक्या शेंगेत बिया खुळखुळतात,
मुठीतल्या फाशांसारख्या.
एल्दियार ऐकायला नव्हताच.
बाहेर धुळीत रेघ ओढून
तो हाडं फेकत होता.

लेबलावर गाव, उंची, तारीख.
वेचणारा: एल्दियार ओरोझबाय उलू, वय नऊ.
जातीच्या जागी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.
चिरलेली धरून सहा शेंगा पाकिटात गेल्या.
सातवी
त्यानं सकाळी येऊन परत मागितली.