एक दाबा

तीन कोटेशनं नेलिदाबाईंच्या टेबलावर,
उडू नयेत म्हणून वर पान्हा.
फाकुंदो, विकायला आलेला पोरगेला माणूस, सांगतो:
आवाज आता तारेतून नाही, इंटरनेटवरून.
नंबर तोच राहील.
‘बिलासाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन,
थांबलात तर संगीत.’

आमचं दुकान लिफ्टदुरुस्तीचं, मोन्तेविदेओच्या जुन्या भागात.
पितळी जाळीच्या लिफ्टा, आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठ्या.
आम्हाला फोन येतो तो
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधून.

वॉशिंग्टन, आमचा मेकॅनिक,
हाताचं ग्रीस पुसत दारातूनच म्हणाला,
‘आणि वीज गेली की?’

वीज गेली की राउटर जातो,
राउटर गेला की फोन.
आणि वीज गेली की नेमकी
लिफ्ट अडकते.

कोपऱ्यातल्या काळ्या फोनची तांब्याची तार
आपल्यापुरती वीज आपणच घेऊन यायची.
जानेवारीच्या उकाड्यात अख्खी गल्ली अंधारात
आणि हा एकटा वाजत होता.
पलीकडे सेन्योरा इतुर्राल्दे:
‘घाई नाही हो, पण कुत्रा रडतोय.’
चाळीस मिनिटं मी तिच्याशी टोमॅटोच्या भावावर बोलले.
जीव टांगणीला लागला होता, तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

बाईंनी शेवटी मधलं कोटेशन घेतलं.
जास्तीची बॅटरी. तीही संपली तर कॉल
थेट वॉशिंग्टनच्या मोबाइलवर.
मेनू काढून टाकला.
‘अंधारात एक कुठलं अन् दोन कुठलं?’

वॉशिंग्टन आता फोन उशाशी घेऊन झोपतो.
त्याची बायको म्हणते,
अडकतात ते, आणि जागते मी.