गज

पलघडमल सर म्हणाले, पोरीचा गज बदला आता,
तर मला आधी खिडकीचा आठवला,
मग कापड मोजायचा, आज्याच्या वेळचा लोखंडी.
चार वर्षं अखिला तो हातात धरून वाजवते
आणि त्याला म्हणतात काय, ते मी विचारलं नव्हतं.
काठी म्हणायचो.

वाद्य चर्चचं आहे. डबल बास.
माझ्याहून वीतभर उंच, पाठीवर वाळवीची रेघ.
रविवारी तिकडे वाजतं, बाकी सहा दिवस आमच्याकडे
विडी घरकुलात, सुताच्या पोत्यांशेजारी उभं.
पाहुणे विचारतात, कोण हे?
बायको सांगते, जावई.

सरांनी पुण्याहून तीन गज मागवले, आठ दिवसांच्या बोलीवर.
एसटीच्या पार्सलात आले, पाण्याच्या पायपात घालून.
नळाचं काम निघालं का, शेजारी विचारून गेला.

पहिला काळा, कार्बनचा. सरळसोट. कुठल्याच हवेत वाकत नाही म्हणे.
दुसरा तांबूस लाकडाचा, नवाकोरा, सगळ्यांत महाग,
तेवढ्यात मागाची मोटर नवी आली असती.
तिसरा जुना. टोकाशी एकदा तुटलेला, सांधलेला,
बनवणाऱ्याचं नाव बोटांनी घासून गेलेलं.

सकाळपासून काही कळेना.
चार माग चालू, वर पत्रा,
त्यात तिनं कुठलाही ओढला तरी मला सारखाच.
मी आपली मान डोलवत होतो,
न वाचता सही ठोकावी तशी.

तीनला लाईट गेली.

गल्लीच्या गल्ली एकदम गप्प. कानात नुसती भुणभुण उरली.
म्हटलं, आता वाजव.

काळ्यानं सूर चटकन धरला, चटकन सोडला.
हिशोबी माणूस. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तांबड्यावर ती अडखळली.
जुनी काठी दाबून दाबून वाजवायची सवय,
इथं दाबलं की आवाज घुसमटायचा.
ती रडकुंडीला आली. याच्यावर मला येतच नाही, म्हणाली.
सर म्हणाले, चांगला गज चूक झाकत नाही, बाळ.
बळ नको. हाताचं वजन ठेव नुसतं.

हे मात्र मला कळलं.
बाणा ओढून धरला की काठ आवळतो,
टॉवेल मधेच फुगतो.
तीस वर्षं नव्या पोरांना दुसरं काय सांगतोय मी?
ओढू नको रे. जाऊ दे.

मग तिसरा. तिनं राळ लावली, सावकाश.
घोड्याच्या शेपटीचे खरे केस,
लहानपणी स्टेशनरोडला टांग्यामागं पळताना
तोंडावर बसायचे, तेच.
सगळ्यांत जाड तार.
आवाज कानात आला नाही,
फरशीतून आला, तळपायातून.
पेल्यातलं पाणी हललं.

मी बायकोकडं बघितलं.
मांडीवर सूप, हजार विड्यांवर मजुरी.
अखिला झाली त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत
तिचे हात चालू होते.
आता थांबलेले.
पान अर्धं वळलेलं, दोऱ्याचं टोक दातात.

सर सांध्यावरून नख फिरवत होते.
टिकेल का, सांगता येणार नाही, म्हणाले.
अखिलानं माझ्याकडं बघितलं. नायना, सांधलेलं टिकतं का?
मी म्हटलं, गाठ कुणी मारली त्यावर आहे.
ती हसली नाही. गज उजेडाकडं धरून
एक डोळा मिटून बघत राहिली,
मी फणी बघतो तशी.

तेवढ्यात लाईट आली.
डावीकडचे माग सुरू झाले, मग समोरचे.
माझा हात बटणावर गेलेला.
तिनं गज खाली ठेवायला घेतला.

थांब, म्हटलं. अजून एकदा. ते जाड.

संध्याकाळी शेठनं माल मोजला. डझनभर कमी.
लाईट नव्हती, मी सांगितलं.
त्याच्या बाहीला राळेची पांढरी पूड लागली होती.
सुताची समजून त्यानं ती झटकली
आणि वहीत आकडा लिहिला.