चौतीस मापं

मला आधी शिकवलं गेलं थांबणं.
व्हायोला मांडीवर, गज गुडघ्याशी,
चौतीस मापं मनातल्या मनात.
"विश्रांती वाजवायची असते, पोरी,"
इनास मास्तर म्हणत, "घ्यायची नसते."

वेंगुर्ल्यातली काजूच्या कारखान्याची बंद शेड,
भिंतींना अजून टरफलांच्या तेलाचा चरका वास.
आम्ही अकरा जण, खुर्च्या नऊ.
नाझरेथच्या चेलोची एक तार गळाच्या नायलॉनची.

वही निघाली होती इगर्जीच्या कपाटात,
मेणबत्त्यांच्या खोक्याखाली.
ऑर्गन वाजवणाऱ्या कुणा लुकासची सिंफनी,
नव्वद वर्षांत एकदाही न वाजलेली.
कसरीने खाल्लेली पानं दिव्यापुढे धरून
मास्तर ठरवत बसत,
भोक कुठलं, स्वर कुठला.
चुकत. मग सकाळी अकरा प्रतींवर खोडरबर.

तीस वर्षं बोटीवरच्या बँडात काढलेला माणूस;
छडी म्हणून हातात माडाच्या पातीचा हीर.
तो उचलला की बंदरावरचा लिलावसुद्धा
क्षणभर गप्प होई, असं मला वाटे.
मी मोजत असे. मला काहीही वाटे.

ओबो तालुक्यात कुणी पाहिलाही नव्हता.
मास्तर देवळात गेले,
भिवा घडशींना घेऊन आले, सनईसकट.
काकांना कागद वाचता येईना,
तेव्हा मास्तरांनी तो भाग गुणगुणला.
काका हसले.
"मास्तरानु, ह्यां तर आमचांच.
पहाटेक देवाक उठवूचां."

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत.
हीर दातांत धरून त्या ओळीकडे पाहत राहिले:
इगर्जीची उघडी खिडकी,
झोपमोड झालेला लुकास,
आणि व्हाळापलीकडून येणारी
काकांच्या आज्याची फुंक.

वाजवली. फेब्रुवारीत, एकदाच.
ऐकायला चाळीसेक माणसं
आणि जाळं तसंच टाकून आलेले दोघे.
दुसऱ्या भागात आम्ही उसवलो,
मास्तरांनी नुसत्या भुवयांनी शिवून घेतलं.
वहीचं शेवटचं पान नव्हतंच;
तिथे त्यांनी काही भरलं नाही.
हीर वर, आणि वरच.
टाळ्या फार उशिरा आल्या.

आता ती शेड मी उघडते.
हीर दर पावसाळ्यानंतर नवा लागतो.
काल एका पोरीने विचारलं,
बाई, मी कधी यायचं?
म्हटलं, मोज.