फोम मारायचे दिवस

फोन येतात फेब्रुवारीत.
बाहेर उणे बत्तीस, वळचणीला हातभर बर्फाचे सुळे,
आणि गॅसचं बिल हातात धरून माणूस विचारतो,
"ओरेस्ट, उद्या येतोस?"

उद्या नाही.
गारठलेल्या लाकडाला फोम धरत नाही.
पापुद्रा सुटतो आणि मागे राहते एक फट,
आधीच्या फटीपेक्षा लबाड, कारण आता ती दिसत नाही.

एप्रिलही नको. तेव्हा तळं तडकत असतं,
वाशांच्या पोटात पाणी असतं.
मीटरच्या दोन सुया लाकडात खुपसतो,
आकडा एकोणीसच्या वर गेला की पाइप गुंडाळून घरी.
आत कोंडलेली ओल गप्प बसत नाही.

माझी आई ओल्या मातीत गव्हाचं काड तुडवून
ओंडक्यांच्या भिंती लिंपायची,
तीही जून सरल्यावर, ऊन बघून.
"भिंतीला आधी विचार," म्हणायची,
युक्रेनियनमध्ये. भिंतीला तेवढीच भाषा यायची.

थोरा ब्यार्नासनचा फोन मात्र जुलैत आला.
गिमलीला, तळ्यापासून तिसरं घर.
नवरा गेला त्याला चार महिने झालेले.
"एनार बारा वर्षं म्हणत होता, पुढच्या वर्षी करू.
चेंगट मेला."

शिडी चढलो, झाकण सरकवलं, टॉर्च मारला.
वास आधी आला.
मग दिसली शंभरेक वटवाघळं, वाशांना दाटीनं लटकलेली,
आणि त्यांच्या छातीला चिकटलेली पिल्लं,
उघडी, गुलाबी, शेंगदाण्याएवढी.

आणि वाशावर पेन्सिलीनं काहीतरी.
२८ ऑगस्ट. १ सप्टेंबर. २६ ऑगस्ट.
एकाखाली एक, बारा ओळी, वाण्याच्या वहीसारख्या.
शेवटच्या दोन थरथरत्या हाताच्या.

खाली उतरून सांगितलं.
थोरा बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.
"म्हणजे ती उडून जायची वाट बघायचा?"
"तसंच दिसतंय."
"आणि मग?"
मग काय, मला माहीत होतं.
सप्टेंबर आमच्याकडे तीन आठवड्यांचा,
आणि माझे तिन्ही आठवडे मेमध्येच विकलेले असतात.
त्यानं एकदा फोन केला होता बहुतेक.
मी म्हटलं असेन, पुढच्या वर्षी.

हे मी तिला सांगितलं नाही.
रिव्हर्टनच्या एका कॉटेजवाल्याला पुढे ढकललं,
त्यानं शिव्या घातल्या, त्या घेतल्या.

अकरा सप्टेंबर. चौदा अंश, पश्चिमेचा कोरडा वारा,
लाकूड बारावर.
आढ्याखालची भेग आधीच एकतर्फी जाळीनं झाकली होती,
जाता येईल, परत येता येणार नाही अशी.
आत कुणी नाही. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.
थोरा बॅग घेऊन आर्बोर्गला बहिणीकडे निघालेली,
फोम वाळेस्तोवर घरात राहायचं नसतं.
"तो वासा सोडू का?" विचारलं.
"एक वासा उघडा ठेवून घर ऊबदार राहतं का?"
"नाही."
"मग मार."

पांढरी सूट, तोंडावर हवेची नळी.
आधी नुसता ओलसर पट्टा, दुधावरच्या सायीइतका,
मग फुगतो, फुगतो, पिवळसर,
आणि सव्वीस ऑगस्ट गेला,
एक सप्टेंबर गेला.
मी शेवटची ओळ जरा हळू मारली, एवढंच.

या फेब्रुवारीत तिचा फोन आला. उणे तीस होतं.
दचकलो, कुठं सुटला का पापुद्रा?
"नाही रे. वारा ऐकू येत नाही घरात,
झोप लागत नाही."
मग म्हणाली, अंगणात खांबावर पेटी ठोकून घेतलीय त्यांच्यासाठी,
शेजारच्या पोराकडून, दक्षिणेला तोंड करून.
येतील का?

मला फोममधलं कळतं.
मेमध्ये बघू, म्हटलं.