वीस नंबर

वाइओपेच्या डबक्यांत, गुडघाभर पाण्यात
नोहेआ पाटीवर पेन्सिलीने मांडायची:
वसाहत एकोणीस, गाठी चार.

प्रवाळाला दुखत नाही बहुतेक, ती म्हणे,
नुसतं वाढतं. फिकट, फुगीर, घाईघाईचं.
तोंडं कमी, अंडी जवळजवळ नाहीतच,
पोसायचं मात्र शेजारच्या धडधाकट अंगाने.

अंकल कावीका काठावर आमिष कापत बसायचे.
शनिवारी दोघांची गाठ तिथेच पडे.
एकदा कॉलर खाली ओढून म्हणाले,
"हीपण लिही. वीस नंबर."
तिने लिहिली नाही.

मग डोंगराकडून लाव्हा आला.
डबकी, काठ, दुखणी, धडधाकटही,
सगळं एकाच काळ्या दगडाखाली.
अंकल त्याआधीच गेले होते.

पाटी अजून तिच्या गाडीत आहे.
वीसपुढची कोरी जागा
ती सिग्नलला थांबली की
अंगठ्याने पुसत राहते.