स्वप्न बी-वनला येतं

दाजी पेठेत टॉवेलच्या गोदामावर पत्र्याची खोली.
म्हमाणे मॅडम फळ्यावर जिना काढतात :
ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू.
सी-वनला फळा पुरत नाही.
"तिथवर सगळे जर्मनपण जात नाहीत की ओ,"
म्हणतात, आणि कन्नडात काहीतरी पुटपुटत
हातावरचा खडू झटकतात.

आम्ही अकरा जणी. नऊ नर्स,
एक नवऱ्याच्या मागून निघालेली,
आणि एक रेश्मा नदाफ, जिला नुसतंच शिकायचंय.
तिच्याकडे आम्ही जरा संशयानेच बघतो.

ए-वन म्हणजे नाव, गाव, वय.
इष हाइसं श्रीलता.
ए-टू म्हणजे कुठं दुखतंय, कितीची बस, कांदे केवढ्याला.
"आणि बी-वनला," मॅडम म्हणाल्या,
"माणसाला आपलं स्वप्न सांगता येतं.
थोडक्यात कारणासकट."

रात्रपाळीला तीन नंबरचं सलाईन बदलताना
हे वाक्य मी हळू आवाजात घोकलं.
पेशंट म्हणाला, सिस्टर, मला काय झालंय?

अम्मा सिरसिल्ल्याहून आली त्याला चौतीस वर्षं झाली.
दिवसाला हजार विड्या.
कारखान्यात शिकलेला तिचा पहिला मराठी शब्द : छाट.
म्हणजे ही विडी बाजूला, हिचे पैसे नाहीत.
पुढे रेशन आलं, ताप आला, शाळेची फी आली,
त्या त्या दिवशी लागतील तेवढे शब्द आले,
आणि जिना तिथेच थांबला.
"दूध सांडली," म्हणायची अम्मा.
सातवीत, मैत्रिणींसमोर, मी म्हटलं :
सांडलं, अम्मा. सांडलं.
त्यानंतर मैत्रिणी आल्या की ती
चहा ठेवून आत जायची.

जर्मनीतही तो, ती, ते आहेत,
पण टेबल तिथे पुरुष आहे आणि मुलगी नपुंसक.
मी टेबलाला ती म्हटलं.
मॅडमनी लाल खडूने फुली मारली.
छाट.

माझी तेलुगू कुठल्या पायरीवर?
ऐकणं : चांगलं.
वाचणं : गावाकडची लग्नपत्रिका मी मामाला फोटो काढून पाठवते.
बोलणं : ती तेलुगूत विचारते, मी मराठीत उत्तर देते.
चोवीस वर्षं आमचं घर असंच चाललंय,
कुणी परीक्षा घेतली नाही म्हणून.

वाइल म्हणजे कारण.
वाइल आलं की क्रियापद
मुकाट वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं.
वर्गात हे फक्त आम्हांला सोपं गेलं,
आमच्या घरच्या तिन्ही भाषांत
ते जन्मापासून तिथेच बसलेलं.

काल सुट्टी होती. अम्मा गच्चीवर
पाठीला उशी लावून बसली होती.
मी मोबाईलवर शब्द घोकत होते : ट्राउम, ट्राउम.
"काय म्हणालीस?"
"स्वप्न, अम्मा. परीक्षेत विचारतात. तुला काय पडतं?"
ती हसली. मराठीत म्हणाली, "काय नाय."
मग बराच वेळ बोटांनी हवेत
एक पान वळलं, दोरा गुंडाळला.
मग म्हणाली, "नाकु ओक कल वच्चिंदि."

कल.
मराठीत कल म्हणजे नुसतं झुकणं.
मी झुकले.

ती सांगत गेली. एक विहीर होती,
तिचे वडील होते, बहुतेक पायात चप्पल नव्हती,
की माझ्याच पायात नव्हती. कुणीतरी हाक मारत होतं
आणि ती, ती, म्हणजे तिनं—
शेजारच्या कारखान्यात माग सुरू झाले
आणि क्रियापद त्यांनी गिळलं.

मान हलवता आली असती.
इतकी वर्षं हलवलीच आहे.

पण ऐकण्याच्या पेपरात पहिला उतारा
दोनदा लावतात.
मी मोबाईल पालथा ठेवला,
शब्द तोंडात दोनदा जुळवला,
चुकला तर चुकला :

इंकोसारि, अम्मा.